गिरसप्पाची चांदी आणि खलाशांचे ऋण

गिरसप्पा हे नाव मराठी माणसास शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकापासून परिचित आहे. होनावरहून शरावतीच्या काठाने वर गेले म्हणजे जुन्या गिरसप्पा नगरीचे अवशेष लागतात. चारी दिशांना द्वारे असलेली चतुर्मुख बसदी तेथे अद्याप उभी आहे. सोळाव्या शतकात जिने येथे राज्य केले त्या चेन्नभैरादेवीला पोर्तुगीज लोक ‘मिऱ्यांची राणी’ म्हणत. आणि तीच शरावती वर जोगच्या कड्यावरून ८३० फूट खाली उडी घेते, तो प्रपात आपल्या जुन्या पुस्तकांतून ‘गिरसप्पाचा धबधबा’ म्हणूनच वर्णिलेला असे. ह्याच नावाची एक मालवाहू आगबोट होती, ती दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक महासागरात बुडाली, आणि बुडाल्यानंतर सत्तर वर्षांनी तिच्या पोटातली चांदी वर काढण्यात आली, ही हकीकत मात्र आपल्यापैकी थोड्यांच्याच कानी आली असेल. हकीकत मोठी चित्तवेधक आहे; परंतु ती केवळ कुतूहलासाठी सांगावी असे मला वाटत नाही. तिच्यात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो धर्माचा प्रश्न आहे.

ही आगबोट १९१९ साली इंग्लंडमधील जॅरो येथील पामर्स कंपनीच्या गोदीत बांधली गेली. पहिल्या महायुद्धाच्या गरजेपोटी तिचे काम सुरू झाले तेव्हा तिला ‘वॉर रोबक’ असे नाव योजले होते. युद्ध संपले आणि ती ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे गेली. ह्या कंपनीला, आपल्या किनाऱ्यावरची जुनी माणसे जिला नुसते ‘बी. आय.’ म्हणत तिला, हिंदुस्थानातील स्थळांची ‘आ’कारान्त नावे बोटींस देण्याची आवड होती. अशा रीतीने शरावतीकाठच्या गावाचे नाव एका लोखंडी जहाजाच्या नाळेवर चढले. सुमारे ४१२ फूट लांबीची, ५,२३७ टनांची ही बोट वीस वर्षे मालाची ने-आण करीत राहिली. त्या वीस वर्षांत सांगण्यासारखे फारसे नाही. मालवाहू बोटीचे आयुष्य बैलगाडीच्या आयुष्यासारखेच असते.

डिसेंबर १९४० मध्ये ती कलकत्त्याहून निघाली. पोटात कच्चे लोखंड होते, चहा होता, इतर किरकोळ माल होता, टपालाच्या पिशव्या होत्या, आणि चांदी होती. ह्या चांदीची किंमत त्या काळी सहा लाख पौंड धरली होती. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्रीटाउन बंदरातून ३० जानेवारी १९४१ रोजी ती इतर जहाजांच्या तांड्यासोबत इंग्लंडच्या दिशेने निघाली. फेब्रुवारीतला अटलांटिक खवळलेला होता. वादळाशी झुंजताना कोळसा अपेक्षेहून अधिक जळला, आणि तांड्याच्या वेगाने चालत राहिलो तर इंग्लंड गाठणार नाही हे कप्तानाच्या ध्यानी आले. १४ फेब्रुवारीला गिरसप्पाने तांडा सोडला आणि एकटीने, वेग कमी करून, आयर्लंडमधील गॉलवे बंदराचा मार्ग धरला. शंभर टनांहून अधिक चांदी वाहणाऱ्या जहाजाला भट्टीत घालण्यापुरता कोळसा उरला नव्हता! द्रव्याने सर्व काही साधते असे म्हणणाऱ्यांनी ह्या एका गोष्टीचा विचार करावा.

१६ तारखेस सकाळी एक जर्मन विमान डोक्यावरून घिरट्या घालून गेले. त्याच रात्री यू-१०१ ह्या पाणबुडीचा टॉर्पेडो बोटीच्या कुशीत घुसला. स्फोटाने डोलकाठी कोसळली, तिच्याबरोबर बिनतारी यंत्राची तारही तुटली, आणि मदतीची हाक बाहेर जाऊच शकली नाही. वीस मिनिटांत बोट बुडाली. तीन होड्या पाण्यात सोडल्या गेल्या. त्यांतली एकच वाचली. तीत एकतीस माणसे होती: आठ गोरे आणि तेवीस हिंदी लष्कर.

‘लष्कर’ हा शब्द येथे फौजेच्या अर्थाने घ्यावयाचा नाही. इंग्रजांच्या बोटींवरील हिंदी खलाशाला ‘लॅस्कर’ म्हणत, तो हा शब्द. सारंग, टंडेल, खलाशी, भट्टीपाशी राबणारा आगवाला, भंडारी, अशी त्यांची उतरंड असे. कलकत्त्याच्या बोटींवर बहुधा सिल्हेट, नोआखाली, चितगाव ह्या भागांतील माणसे असत. मुंबईच्या बोटींवर रत्नागिरीकडची आणि गोव्याची. गोव्यातील तारवटी कोण आणि मुंबईतल्या गावोगावच्या ‘कुडां’मध्ये बोटीची वाट पाहत दिवस काढणारे लोक कोण, हे ह्या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. ह्या सर्वांचा पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याच्या आसपास होता. निजायची जागा अपुरी, कपडे उष्ण कटिबंधाच्या मानाने दिलेले.

त्या होडीचा ताबा बोटीवरील दुय्यम अधिकारी आयर्स ह्याच्याकडे आला. तेरा दिवस ती होडी शिडाच्या आधाराने पूर्वेकडे सरकत राहिली. थंडीने आणि तहानेने एकेक माणूस गेला. १ मार्च १९४१ रोजी इंग्लंडचे दक्षिण टोक, कॉर्नवॉलमधील लिझर्ड, दिसू लागले तेव्हा होडीत सात जण जिवंत होते: चार गोरे, तीन हिंदी. किनारा हाकेच्या अंतरावर असता लाटांनी होडी उलथली. किनाऱ्यावरच्या लोकांनी धाव घेतली. हाती लागला तो एकटा आयर्स. बोटीवरील ८६ जणांपैकी ८५ गेले. आयर्सला पुढे त्याच्या धैर्याबद्दल सन्मान मिळाले, आणि ते त्याला शोभणारेच होते. त्याने ती होडी तेरा दिवस चालवली नसती तर ही कथा सांगावयास कोणीच उरले नसते.

येथवरची गोष्ट युद्धातल्या अनेक गोष्टींसारखी आहे. ह्यापुढची तशी नाही.

बुडालेल्या चांदीवर हक्क कोणाचा, हे कागदोपत्री ठरलेले होते. युद्धकाळातील विम्याची रक्कम ब्रिटिश सरकारने भरली होती, म्हणून बुडाला माल सरकारचा झाला. २०१० साली त्या सरकारने ओडिसी मरीन एक्सप्लोरेशन ह्या अमेरिकन कंपनीशी करार केला: शोधाचा व उत्खननाचा खर्च आणि धोका कंपनीचा, हाती लागेल त्यातून खर्च वजा जाता ऐंशी टक्के कंपनीला, वीस टक्के सरकारला. २०११ साली गॉलवेच्या नैर्ऋत्येस सुमारे तीनशे मैलांवर बोट सापडली. पाण्याची खोली सुमारे ४,७०० मीटर. म्हणजे गिरसप्पाचे अठराहून अधिक धबधबे एकावर एक रचावे तेवढी. माणूस तेथे जाऊ शकत नाही. यंत्राचे हात जातात. २०१२ मध्ये त्या हातांनी चांदीच्या १,२१८ लगडी वर आणल्या आणि २०१३ मध्ये आणखी १,५७४. एकूण २,७९२ लगडी, वजन सुमारे ११० टन. विम्यात नोंदलेल्या चांदीपैकी शेकडा नव्याण्णवांहून अधिक मिळाली, असे कंपनीने जाहीर केले. इतक्या खोलीवरून इतके मौल्यवान धातू तोवर कोणी काढले नव्हते. मानवी बुद्धीचा हा पराक्रम आहे ह्यात संशय नाही, आणि मी तो कमी लेखत नाही.

आता प्रश्न असा. लगड हरवली तर तिचा हिशेब सत्तर वर्षे जिवंत राहतो. माणूस हरवला तर त्याचा हिशेब किती दिवस जिवंत राहतो?

काही वाचक म्हणतील की हा प्रश्न भावनेचा आहे, न्यायाचा नव्हे. मालाला मालक असतो. खलाशाला पगार असतो. पगार चुकता झाला की व्यवहार संपला. मला हे म्हणणे सहज झटकून टाकता येत नाही, कारण व्यवहार ह्याच पायावर चालतो. आपल्या धर्मशास्त्रांतही नौकेचा विचार ह्याच अंगाने केलेला आढळतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, नावाड्यांच्या चुकीने नावेतल्या मालाची खराबी झाली तर ती सर्व नावाड्यांनी मिळून भरून द्यावी, दैवाने झाली तर त्यांना दंड नाही, अशी व्यवस्था आहे. निक्षेप, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव, ती राजा, दैव किंवा चोर ह्यांच्यामुळे गेली तर ठेवून घेणारा दोषी नाही, असे याज्ञवल्क्यही सांगतात. ह्या नियमांत मोठा विवेक आहे. नावाडी मालकाला काय देणे लागतो आणि काय लागत नाही, हे ते नेमके सांगतात. परंतु माल वाचावा म्हणून नावाडी बुडाला तर मालक नावाड्याला काय देणे लागतो? त्या श्लोकांत ह्याला उत्तर नाही. तो प्रश्न व्यवहाराच्या प्रकरणात बसतच नाही. तो ऋणाच्या प्रकरणात जातो. आणि ऋण ही कल्पना आपल्याकडे व्यवहाराहून कितीतरी जुनी आणि विस्तृत आहे. देवांचे, ऋषींचे, पितरांचे ऋण कोणत्या खतावर लिहिलेले असते? त्यावर कोणाची सही असते? तरीही ते फेडावयाचे असते, कारण ते न मागता मिळालेल्या गोष्टींचे ऋण आहे.

पगाराने हे ऋण फिटते काय? पगार हा भट्टीत कोळसा ओढण्याचा होता, डेक धुण्याचा होता, दोर ओढण्याचा होता. त्या होडीतल्या तेरा दिवसांचा भाव कोणत्याही करारात लिहिलेला नव्हता आणि लिहिता आलाही नसता. शिवाय तो करार तरी कितपत राजीखुशीचा होता? १९३९ साली युद्ध सुरू होताच इंग्लंडच्या बंदरांत हिंदी खलाशांनी पगारवाढ मिळाल्याशिवाय बोटीवर चढण्यास नकार दिला. त्यांतल्या कित्येकांना त्याबद्दल तुरुंगात जावे लागले. पुढे पगार काहीसा वाढला, पण गोऱ्याकाळ्यातले अंतर राहिले ते राहिलेच. पोटासाठी पत्करलेल्या धोक्याला ‘त्यांनी आपखुशीने पत्करला’ असे म्हणणे हे सुस्थितीतल्या माणसाचे तर्कशास्त्र आहे.

दुसरा आक्षेप काळाचा. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची गोष्ट; साम्राज्य गेले, कंपनी गेली, त्या खलाशांची मुलेही आता म्हातारी झाली असतील; कोणी कोणाला काय द्यायचे? ह्या आक्षेपाला मात्र माझ्याजवळ सरळ उत्तर आहे, आणि ते त्या चांदीनेच दिलेले आहे. काळाने हक्क शिळा होत असेल तर चांदीवरचा हक्कही शिळा व्हावयास हवा होता. तो झाला नाही. विम्याची जुनी पाने काढली गेली, त्यांवरून करार झाला, टक्के ठरले. ज्या सत्तर वर्षांत मालकी एक दिवसही म्हातारी झाली नाही, त्याच सत्तर वर्षांत ऋण मात्र मरून गेले, असे म्हणणे कोणत्या न्यायाला धरून आहे? दोन्ही एकाच बोटीत बसली होती. एकाला वर काढताना दुसऱ्याला तळाशी ठेवता येत नाही.

ह्यावरून कोणी असा अर्थ काढू नये की चांदी काढणे हेच पाप होते. समुद्राच्या तळाशी पडलेले द्रव्य कोणाच्याच उपयोगाचे नाही, आणि ज्यांनी अफाट खर्चाचा आणि धोक्याचा भार उचलला त्यांनी मोठा वाटा घ्यावा हेही रास्त आहे. तसेच ‘चांदी कलकत्त्याहून निघाली म्हणजे आपली, ती परत द्या’ अशी आरोळी ठोकण्यातही मला स्वारस्य वाटत नाही. ते सोपे आहे, आणि त्यात खलाशी पुन्हा एकदा विसरले जातात. मालक बदलतो इतकेच. माझे म्हणणे एवढेच आहे की त्या कराराचे जे गणित जाहीर झाले त्यात शंभर टक्क्यांचे दोनच भाग होते, आणि तिसरा भाग असावा हे कोणाला सुचल्याचे त्या गणितात दिसत नाही. देवस्थानच्या उत्पन्नातून पुजाऱ्याचे वेतन निघते, महाजनांचा मान राखला जातो, पालखीचा खर्च भागतो. पण नंदादीपाचे तेल आधी बाजूला काढावे लागते. त्या तेलाला किंमत ती किती! एका लगडीच्या विक्रीत त्या सर्व खलाशांच्या नावांची शिळा त्या किनाऱ्यावर उभी राहिली असती.

नावाचा मुद्दा मी मुद्दाम काढतो. मराठीत ‘नाव’ म्हणजे होडी आणि ‘नाव’ म्हणजे नामही. हा भाषेचा योगायोग असेल, पण येथे तो फार बोलका ठरतो. ह्या बोटीची कथा वर्तमानपत्रांतून, पुस्तकांतून जेथे जेथे येते तेथे कप्तानाचे नाव येते, आयर्सचे येते, पाणबुडीच्या अधिकाऱ्याचेही येते. तेरा दिवस तग धरून किनाऱ्याच्या फेसात बुडालेले ते तिघे मात्र ‘तीन लॅस्कर’ एवढेच असतात. लगडी मोजाव्या तसे माणसांना मोजलेले आहे. आणि खरे सांगावयाचे तर लगडींची मोजणी अधिक काळजीपूर्वक झाली.

संकल्पात आपण नाव आणि गोत्र उच्चारतो ते उगीच नव्हे. संख्येला ऋण देता येत नाही. ते कोणा एकालाच द्यावे लागते. आपल्या तर्पणविधीत ज्यांचे नाव ठाऊक नाही, ज्यांना पाणी देणारे कोणी उरले नाही, अशांसाठीही शेवटी एक ओंजळ आहे, आणि आपल्या परंपरेतील अत्यंत उदार गोष्टींपैकी ती एक आहे असे मी मानतो. पण ती ओंजळ नाव न सापडल्यावरची आहे, नाव न शोधण्याची मुभा देणारी नाही. आणखी एक विवेक येथे राखला पाहिजे. ह्या खलाशांपैकी बहुतेक आपल्या धर्माचे नसणार. त्यांच्यावर आपले तर्पण लादणे हा त्यांचा मान नव्हे. त्यांचे नाव नीट उच्चारून वाचणे, एवढे मात्र कोणत्याही धर्माच्या माणसाला करता येते.

बोटीतून चांदीबरोबर आणखी एक वस्तू वर आली, तिचाही उल्लेख केला पाहिजे. टपालाच्या पिशव्यांतील सातशेंवर पत्रे, प्रकाश आणि प्राणवायू न पोचल्यामुळे, सत्तर वर्षे पाण्याखाली टिकून राहिली. हिंदुस्थानातून विलायतेस आणि अमेरिकेस लिहिलेली ती पत्रे होती. लिहिणाऱ्यांत सैनिक होते, मिशनरी होते, व्यापारी होते. २०१८ साली लंडनच्या टपाल संग्रहालयात ती मांडली गेली. दुसऱ्याचे पत्र वाचू नये असा आपला शिष्टाचार आहे, तरी तेथील अधिकाऱ्यांनी ती उघडून जपली ह्याला मी दोष देणार नाही; न पोचलेले पत्र कोणीतरी वाचलेले बरे. खलाशांची घरे मात्र बोटीच्या पाठीमागे, उलट दिशेला होती. पुढे जाणाऱ्या त्या पिशव्यांत त्यांची पत्रे असण्याचे कारणच नव्हते. त्यामुळे ह्या अद्भुत टपालातूनही त्यांचा आवाज आलेला नाही.

चांदीचे पुढे काय झाले? २०१४ साली ब्रिटनच्या शाही टांकसाळीने तिच्यातल्या काही चांदीची पाव औंसाची वीस हजार नाणी पाडली. त्यांच्या कडेवर बोटीचे नाव कोरलेले आहे. शरावतीकाठच्या एका उजाड नगरीचे नाव अशा रीतीने इंग्लंडच्या नाण्यावर गेले. नाणी जमवणाऱ्या किती लोकांनी ते गाव नकाशात शोधले असेल, कोण जाणे.

आणि माणसांचे? ब्रिटिश व्यापारी नौदलाच्या ज्या खलाशांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही त्यांची नावे लंडनमध्ये टॉवर हिलच्या स्मारकावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या दृष्टीस पडतील अशी, धातूच्या पत्र्यांवर कोरलेली आहेत. हिंदी खलाशांसाठी वेगळी व्यवस्था झाली. त्यांची नावे बांधीव वह्यांत लिहिली गेली, आणि सारख्याच मजकुराच्या अशा वह्या दोन ठिकाणी ठेवण्यात आल्या: एक चितगावच्या युद्धस्मशानभूमीत, एक मुंबईत खलाशांसाठी बांधलेल्या वसतिगृहात. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या सहा हजारांहून अधिक हिंदी दर्यावर्दींची ती यादी आहे. म्हणजे नावे नष्ट झालेली नाहीत; ती मिटलेल्या वहीत आहेत. कारवारहून, गोव्याहून, रत्नागिरीहून रोज शेकडो माणसे मुंबईस उतरतात. त्यांच्यापैकी कोणी अर्धा दिवस काढून परवानगीने ती वही उघडली, गिरसप्पा बोटीवरच्या माणसांची नावे शोधून उतरून घेतली आणि ह्या मासिकाकडे पाठवली, तर ती छापण्यास एक-दोन पानांहून अधिक जागा लागणार नाही.